नॉब फिरवत बसणारी माणसं: जुन्या सिंथेसायझरच्या पोटात नेमकं काय बदलतात?

भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. वीस मिनिटांचा. चेहरा नाही, निवेदन नाही, गाणं तर नाहीच. टेबलावर शाळेच्या पाटीएवढी एक चंदेरी डबी, तिच्यावर दोन हात, आणि त्याच त्या सोळा सुरांचं गुऱ्हाळ. हात एखादा नॉब केसभर फिरवतात, आवाज जरा चिरकतो, पुन्हा बसतो. खाली त्याचा प्रश्न होता, "मामा, हा माणूस करतोय काय? आणि या डबीला लोक लाखांत पैसे का देतात?"

कॉलेजात असताना मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. वाजवण्यापेक्षा दुरुस्तीतच जास्त रमलो, ती गोष्ट वेगळी. त्यामुळे उत्तर ठाऊक होतं, पण ते फोनवर मावेना. म्हणून हा लेख.

आधी स्वतःच्या तोंडाने करून बघा

‘आ’ म्हणा. सूर तोच धरून ठेवा आणि ओठ हळूहळू जवळ आणत ‘ऊ’वर या. सूर हलला नाही, पण आवाज उजळ होता तो मिटत गेला. गळ्यातल्या स्वरतंतूंनी एक कच्चा, करकरीत आवाज तयार केला. तोंडाच्या पोकळीने त्यातलं काही अडवलं, काही पुढे जाऊ दिलं. अॅनालॉग सिंथेसायझरचं, म्हणजे विजेपासून आवाज घडवणाऱ्या वाद्याचं, निम्मं शास्त्र एवढ्यातच आलं.

यंत्रात स्वरतंतूंच्या जागी ऑसिलेटर असतो, म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा हेलकावणारा विजेचा प्रवाह. तोंडाच्या जागी फिल्टर, आवाजाची चाळणी. चाळणीची जाळी किती बारीक हे ठरवणारा एक नॉब असतो. तो फिरवला की ‘आ’चा ‘ऊ’ होतो. दुसरा नॉब रेझोनन्सचा. चाळणीच्या अगदी काठावर जे सूर असतात, ते हा नॉब मुद्दाम फुगवतो. तानपुऱ्याच्या तारेखालचा सुती दोरा सरकवताना एका नेमक्या जागी तार एकदम बोलायला लागते, आठवतंय? जवारी लागली म्हणतो आपण. दोन्हीमागचं भौतिकशास्त्र वेगळं आहे, पण कानाला मिळणारा आनंद जवळपास तोच. एका सुराच्या पोटात दडलेले वरचे सूर उघडे पडतात.

तिसरी गोष्ट एन्व्हलप. आवाज कसा उगवतो आणि कसा मावळतो, त्याचा आलेख. तबल्याचा ‘ना’ झटकन उगवून झटकन मरतो; बासरीचा सूर सावकाश फुलतो. बस, यापुढे फारसे पारिभाषिक शब्द लागणार नाहीत.

विजेचा अदृश्य हात

नॉब माणसाने फिरवायचे तर हात दोनच. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग या इंजिनिअरने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीने जे वाद्य घडवलं, त्याची खरी करामत इथेच होती. नळाची तोटी हाताने फिरवण्याऐवजी विजेच्या दाबाने, व्होल्टेजने, फिरवायची. पट्टी दाबली की एक व्होल्टेज निघतं आणि ऑसिलेटरला सांगतं, अमुक सूर दे. दुसरं व्होल्टेज फिल्टरला सांगतं, उघड. पुढे बऱ्याच कंपन्यांनी मूगचाच हिशोब उचलला: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर.

एका सप्तकात बारा स्वर. म्हणजे एका पट्टीच्या वाट्याला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. चार-पाच मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले तरी चांगल्या कानाला खटकतं. आणि हा हिशोब सांभाळणारे ट्रान्झिस्टर (विजेचा प्रवाह कमीजास्त करणारे छोटे भाग) तर उष्णतेने बदलतात! म्हणून १९७० च्या मिनीमूगसारखी वाद्यं वाजवणारे लोक कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीच बटण चालू करून ठेवत. यंत्र आतून तापून स्थिरावलं की मग सूर मिळवत. एसी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तबलजी हातोडी का काढतो, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

‘अॅनालॉग’ या शब्दाचा अर्थही इथेच आहे. सूर यंत्रात आकड्यांच्या रूपात साठवलेला नसतो. वीज सलग हेलकावत असते आणि तिचं हेलकावणंच स्पीकरमधून ऐकू येतं. त्यामुळे एखादा सुटा भाग थोडा जरी बदलला, तरी आवाज बदलतो. कुणी हा दोष मानतं. माझ्या मते पुढची सगळी गंमत या दोषातूनच येते.

ढोल आत नसतोच

आजच्या इलेक्ट्रॉनिक तबल्यात किंवा मोबाइलच्या अॅपमध्ये खऱ्या तबल्याचे बोल रेकॉर्ड करून ठेवलेले असतात. रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्ये मात्र रेकॉर्ड केलेलं काहीही नाही. (ही कंपनी आपल्याकडे लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलेली आहे. ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड त्यांचाच. इकुतारो काकेहाशी यांनी ती १९७२ मध्ये ओसाकात काढली.) ८०८ मधला प्रत्येक आवाज म्हणजे एक छोटं सर्किट.

त्यातला मोठा ढोल बघू. अंगणातल्या झोपाळ्याला एकच धक्का द्या. तो हेलकावे घेतो, ते लहान लहान होत जातात आणि शेवटी झोपाळा थांबतो. ८०८ च्या ढोलाचं सर्किट असा विजेचा झोपाळा आहे. ठोका पडला की त्याला एक झटका बसतो, मग तो सेकंदाला सुमारे ५० हेलकावे घेत विझत जातो. तो ‘धूंऽऽम’ म्हणजे हे विझणं. ‘डिके’ नावाचा नॉब काय करतो, तर प्रत्येक हेलकाव्याला मागून हलकासा हात लावतो. हात थोडा जास्त लागला, तर झोपाळा जास्त वेळ चालतो.

आता पहिला बदल समजायला सोपा. मागून किती जोराने ढकलायचं, याला इंजिनिअरने एक मर्यादा घालून ठेवली आहे. बोर्डावरचा एक रेझिस्टर (विजेचा प्रवाह रोखणारा, चार-आठ आण्यांचा भाग) ती मर्यादा राखतो. त्याचा रोध कमी केला की ढोल लांबतो. फार कमी केला तर झोपाळा थांबतच नाही, ढोलाचा अखंड भोंगा होतो. एका रेझिस्टरच्या अलीकडे ढोल, पलीकडे भोंगा. अशा फेरफाराला या मंडळींत ‘मॉड’ म्हणतात.

८०८ मधले बाकीचे आवाजही असेच चलाख आहेत. झांजेसाठी सहा ऑसिलेटर, मुद्दाम एकमेकांशी बेसूर ठेवलेले. सहा भोंगे एकदम वाजवून त्यातला खालचा भाग गाळला की पितळेची चाहूल लागते. त्यांच्यातलेच दोन, एक सेकंदाला ५४० कंपनांचा आणि दुसरा ८०० चा, एकत्र काढले की गाईच्या गळ्यातली घंटा. गाईच्या गळ्यात असली घंटा मी कधी ऐकलेली नाही, पण नाव तेच पडलंय.

झांजेची सळसळ हवी तशी यायला काकेहाशींनी दर्जात नापास झालेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले होते, असं ते स्वतः सांगत. पुढे कारखान्यांचा दर्जा सुधारला, नापास माल मिळेना, आणि १९८३ मध्ये ८०८ बंद झालं. तोवर सुमारे १२,००० यंत्रं बाहेर पडली होती. अव्वल माल मिळू लागला म्हणून वाद्य बंद पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

व्हिडिओतली चंदेरी डबी

ती टीबी-३०३. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस; बेस म्हणजे खर्जातले सूर. रोलँडच्याच तादाओ किकुमोतो यांनी ती घडवली आणि १९८१ च्या अखेरीस ती बाजारात यायला लागली. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला साथीला बेस वाजवणारा यांत्रिक सोबती, असा उद्देश. तो सपशेल फसला. बेस गिटारसारखा आवाज तिच्यातून येईना. आणि चाल भरायची पद्धत तर डोक्याला ताप: आधी सगळे सूर भरा, मग त्यांचा वेळ निराळा भरा. सुमारे १०,००० डब्या काढून १९८४ मध्ये कंपनीने नाद सोडला. जुन्या बाजारात त्या कवडीमोलाने जाऊ लागल्या.

शिकागोतल्या फ्यूचर या गटातल्या पोरांना अशीच एक स्वस्तातली डबी मिळाली. नॉब एकदा ठरवून ठेवायचे आणि मग वाजवायचं, अशी अपेक्षा होती. या पोरांनी चाल चालू ठेवून नॉबच फिरवत ठेवले. १९८७ मध्ये त्यांची तबकडी आली आणि ‘अॅसिड हाऊस’ नावाचा एक आख्खा नृत्यसंगीताचा प्रवाह सुरू झाला. यंत्राचा एक स्क्रूही न उघडता झालेला हा मोठा बदल. व्हिडिओतला माणूस वीस मिनिटं नॉब का फिरवतो, त्याचं उत्तर इथे आहे. या वाद्यात चाल ही तानपुऱ्यासारखी मागे असते. वाजवणं म्हणजे नॉब फिरवणं.

स्क्रू उघडल्यावर

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या रॉबिन व्हिटल यांनी १९९३ मध्ये ३०३ साठी ‘डेव्हिल फिश’ नावाचा मॉड तयार केला. या क्षेत्रातला तो बहुधा सगळ्यात नावाजलेला. त्यात काय आहे हे समजलं, की बाकीचे मॉड समजायला वेळ लागत नाही.

३०३ मध्ये एखाद्या सुरावर जोर देता येतो, सम दाखवल्यासारखा. हा जोर एका कपॅसिटरमधून जातो. कपॅसिटर म्हणजे विजेची बादली, आणि ही बादली गळकी आहे. जोराचा सूर आला की तिच्यात एक तांब्या पाणी पडतं. पुढचा जोर उशिरा आला तर तोवर ते गळून जातं. लागोपाठ आला तर आधीचं शिल्लक असतानाच दुसरा तांब्या पडतो, पातळी चढते आणि फिल्टर आणखी उघडतो. म्हणून तीन जोराचे सूर ओळीने आले की तिसरा पहिल्यापेक्षा जास्त किंचाळतो. ३०३ चं ते ‘चढत जाणं’ म्हणतात ते हेच. मूळ यंत्रात बादली किती वेगाने गळणार, हे ठरलेलं आहे. मॉडमध्ये त्यासाठी एक स्विच आहे: सावकाश, नेहमीचं, जलद.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते. तिची मींडच म्हणा. पण या मींडेला लागणारा वेळ कारखान्यातच पक्का झालेला. सा ते रे असो की सा ते वरचा सा, वेळ तेवढाच. एकाच लांबीची मींड घेणाऱ्या गायकाला आपण किती मिनिटं ऐकू? मॉडमध्ये या वेळेसाठी वेगळा नॉब आहे. तसंच, जोर दिलेला सूर मूळ यंत्रात कायम आखूडच राहतो. मॉडमध्ये तोही लांबवता येतो. आवाज मुद्दाम फाटका करायची सोय आहे. ऑसिलेटरच्याच कंपनांनी फिल्टर थरथरवायची सोय आहे. ती वापरली की डबी घोगरी होऊन भांडायला उठल्यासारखी वाटते.

आणि हे सगळे नवे नॉब मागे घेतले की जुना आवाज जिथल्या तिथे. मला या मॉडबद्दल आदर आहे तो यासाठी.

थोडक्यात, मॉड करणारा बहुतेक वेळा यंत्रात नवीन काही घालत नाही. इंजिनिअरने ‘एवढं पुरे’ म्हणून जो आकडा बोर्डावर पक्का केला होता, तो सोडवून तो नॉबच्या रूपाने बाहेर आणतो. मिरजेचा कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसेने अगदी नखभर घासतो आणि तानपुऱ्याची जवारी खुली किंवा बंद करून देतो. भोपळा तोच, तारा त्याच. ते काम मी एकदा तासभर बघत बसलो होतो. घासायचं, वाजवायचं, मान हलवायची, पुन्हा घासायचं. सोल्डरिंग करणाऱ्याचं याहून वेगळं नसतं.

मुंबईचा एक धागा

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत एक तबकडी काढली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. वाद्यं होती ३०३, ८०८ आणि रोलँडचंच ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांनी तारीख बघून डोळे चोळले. शिकागोच्या पाच वर्षं आधीचा तोच चिरका आवाज! अॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. शिकागोच्या पोरांपर्यंत ही तबकडी पोचली असेल असं मानायला काहीच आधार नाही. मला त्यात दुसरंच दिसतं. ज्या डबीचा गिटारवाल्यांना उपयोग झाला नाही, तिचं घसरणं आणि एकाच सुराभोवती घुटमळणं रागाला मात्र जमून गेलं. सिंग २०१५ मध्ये मुंबईतच गेले. म्हातारपणी परदेशातल्या मंचांवर त्यांना टाळ्या मिळाल्या, हे बरं झालं.

"पण ही ऐतिहासिक वस्तूची नासाडी नाही का?"

कधीकधी आहे. मुळातल्या पत्र्याला ड्रिलने भोकं पाडून बारा स्विच बसवलेली, आत वायरींची खिचडी झालेली यंत्रं मी पाहिली आहेत. पुढे ती दुरुस्त करणाऱ्याने कपाळाला हात लावावा. ज्या वस्तूचे जगात दहा-बारा हजार नग आहेत, तिच्यावर शिकाऊ हात चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ‘हात न लावता जपून ठेवा’ हेही भाबडंच. ही यंत्रं कपाटात बंद राहूनही मरतात. कोर्ग कंपनीच्या १९८१ च्या पॉलिसिक्स सिंथेसायझरमध्ये स्मृती टिकवायला एक छोटी बॅटरी बोर्डावरच बसवलेली आहे. ती वयाप्रमाणे पाझरते आणि खालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. झाकण उघडलं की हिरवट बुरा दिसतो. रोलँडच्या जुनो-१०६ मध्ये आवाजाचे भाग ज्या राळेसारख्या लेपात बंद केलेत, तो लेपच कालांतराने त्यांना मारतो. मग लोक तो भाग काढून असिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात, भिजत घालतात, लेप सोलतात, आणि बरेचदा मेलेला आवाज परत येतो. कपॅसिटर तर सुकतातच. दुरुस्ती अटळ आहे, आणि दुरुस्ती संपून मॉड कुठे सुरू होतो ती रेघ फार पुसट असते.

मिडीचंच बघा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ही भाषा १९८३ मध्ये आली. त्याआधीच्या ३०३ आणि ८०८ ला ती येत नाही. त्यांना फक्त टाळ कळतो, एका मात्रेला २४ ठोके या हिशोबाने. त्यांना आजच्या संगणकाशी जोडायला आत एक छोटा दुभाषी बोर्ड बसवतात. ही नासाडी म्हणायची की सोय? माझं माप एकच: उद्या ते काढून टाकलं तर यंत्र पूर्वीसारखं होतं का?

"हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये मिळतं की!"

मिळतं. चांगलं मिळतं. पूर्ण गाण्यात, बाकीच्या वाद्यांच्या गर्दीत, खरी ३०३ कोणती आणि संगणकातली कोणती हे मला प्रत्येक वेळी सांगता येईल असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. शिवाय बेरिंगर कंपनीची टीडी-३ ही नक्कल २०१९ पासून स्वस्तात आहे. ज्याला फक्त आवाज हवा, त्याने लाखांत पैसे घालवायची काहीच गरज नाही.

फरक पडतो तो यंत्राला टोकाला नेल्यावर. फिल्टर फुटायच्या बेताला येतो, ढोल भोंगा व्हायच्या काठावर असतो, तेव्हा खऱ्या सर्किटातले भाग एकमेकांना ओढतात, तापतात, अडखळतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ज्या गैरवर्तनाचा विचार केला, तेवढंच सॉफ्टवेअर करतं. मॉडवाले नेमके विचार न केलेल्या गैरवर्तनाच्या शोधात असतात.

व्हिडिओ कसा ऐकावा

पहिली गोष्ट, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ८०८ चा ढोल ५० कंपनांच्या आसपास आहे; तेवढुशा स्पीकरमधून तो येतच नाही. ऐकू येते ती सुरुवातीची टिचकी. मग ‘यात काय विशेष’ वाटणारच.

दुसरी गोष्ट, प्रात्यक्षिक प्रामाणिक आहे का ते बघा. बदल दाखवायचा तर चाल तीच हवी, आधी मूळ आवाज, मग बदललेला, आणि एका वेळी एकच नॉब. घुमारा म्हणजे रिव्हर्ब लावला की साधा डबाही देवळाच्या गाभाऱ्यातला वाटतो, म्हणून तो नको. सगळ्यात मोठी फसवणूक मात्र आवाजाच्या पातळीची असते, आणि ती बरेचदा नकळत होते. मॉड चालू केल्यावर आवाज थोडा जरी मोठा झाला, तरी कानाला तो ‘चांगला’ वाटतो. दोन्ही वेळची पातळी सारखी राखणारा माणूस दिसला तर त्याचे बाकीचे व्हिडिओही बघा. तो काहीच बोलत नसेल, तर ते बरेचदा सभ्यपणाचंच लक्षण असतं.

भाच्याने हेडफोन लावून पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, "मामा, सातव्या मिनिटाला ती बादली भरते ना?" भरते.

स्वतः उघडायचं असेल तर

लाखांच्या वस्तूपासून सुरुवात करू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग घ्या आणि आधी एखादं साधं ऑसिलेटर स्वतः जोडा. नंतर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं जुनं खेळणं उघडा; त्यात चुकलं तर खेळणं जाईल, तुम्ही राहाल. थेट विजेवर चालणाऱ्या यंत्रात प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले असू शकतात. आणि यंत्र जपानमधून आलेलं असेल, तर मागची पट्टी आधी वाचा. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मी एकदा न वाचताच लावलं होतं. एक छोटा रिदम बॉक्स होता, बोसा नोव्हा आणि वॉल्ट्झ वाजवणारा. साधारण दीड मात्रा वाजला.